जेवणाची वाट बघणारे दोघे

३ मार्च

एका 'जेवणाची वाट'चा खरा खर्च असा: कॅनव्हास आणि चौकट मिळून सोळा युआन. रंग नऊ. साडेतीन तास माझे. मानेचा एक मणका, तो हप्त्याहप्त्यानं जातो. मागचे ढग आणि खालचं टेबल छ्यूमे आधीच करून ठेवते. तो वेळ धरलेला नाही, बायको घरचीच. दलाल देतो एकशे दहा.

'जेवणाची वाट' हे नाव मी ठेवलेलं. ऑर्डरच्या कागदावर 'राफाएल, देवदूत' असं असतं. अठरा वर्षांपूर्वी दलालानं मला पहिल्यांदा पोस्टकार्ड दिलं. पंखवाली दोन गुबगुबीत पोरं, टेबलावर कोपरं टेकलेली, डोळे वर. मी म्हटलं, अरे, यांनी आत पातेल्याचं झाकण वाजलेलं ऐकलंय! तेव्हापासून अख्ख्या दाफनमध्ये, आमच्या या नकला रंगवणाऱ्यांच्या वस्तीत, हेच नाव. शेजारचा खाङ मोनालिसा करतो, ती 'हसरी'. माझी ही 'जेवणाची वाट'. जर्मनीत, अमेरिकेत लोक ती जेवणाच्या खोलीत लावतात असं दलाल सांगतो. म्हणजे नाव बरोबरच पडलंय.

दिवसाला दोन धरल्या तरी दहा हजारांवर झाल्या. बाविसाव्या वर्षापर्यंत सिमेंटची पोती वाहणारा मो श्वेगन आज लिहून ठेवतो: या दोघांना माझ्याइतकं चांगलं रंगवणारा माणूस पृथ्वीवर नाही. ज्यानं पहिल्यांदा रंगवलं त्यानंही एकदाच रंगवलं.

१२ मार्च

आ-यिंगच्या शाळेत पालकांची सभा. बाई फार गोड बोलल्या, तेव्हाच कळलं की बातमी वाईट आहे. नववीनंतर शहरातल्या सरकारी शाळेत जागा हवी तर मुलीची रहिवासी नोंद शहरात हवी, आणि ती आईबापांच्या नोंदीवरून ठरते. आमची नोंद अजून ग्वांगशीत, उसाच्या फडांमधल्या गावात. सप्टेंबरच्या आत काही झालं तर ठीक, नाहीतर तिनं गावी जाऊन शिकावं.

गावी म्हणजे माझ्या थोरल्या वहिनीकडे. ही बाई आल्यागेल्याला दुसरा वाडगा भात विचारत नाही. आ-यिंग इथे जन्मली, टर्पेंटाइनच्या वासात वाढली. गावची बोली तिला कळते, बोलता येत नाही.

"बाबा, सुटीला म्हणून मी जाईन," ती म्हणाली. "तीन वर्षांची सुटी नको."

"तुला कोण पाठवतंय? हा मो श्वेगन अजून उभा आहे."

 छ्यूमे कुणाच्या तरी राणीच्या झग्याला चुण्या घालत होती. आमच्या गल्लीची ती शिंपीण. ज्याला कापड जमत नाही तो चित्र तिच्याकडे पाठवतो. चेहरा त्याचा, कपडे हिचे.

२ एप्रिल

वस्तीच्या कचेरीच्या फळ्यावर लाल कागद लागला. नक्कल करणाऱ्या चित्रकारांची स्पर्धा, सतरा मे, चौकात, सगळ्यांदेखत. एकच चित्र, चार तास. पहिल्या दहा जणांना शहराची नोंद, आणि त्यांच्या अठराच्या आतल्या मुलांनाही. नवराबायकोतल्या दुसऱ्यानं मात्र पाच वर्षं रांगेत थांबायचं.

मी कागद वाचून होईपर्यंत गल्लीतल्या निम्म्या लोकांनी आपापले ब्रश धुवायला टाकले होते.

घरी येऊन छ्यूमेला म्हटलं, "तुला पाच वर्षं थांबावं लागेल हं. मी कुठे पळून जात नाही."

"अर्ज दोन आण," ती म्हणाली.

"तू काय रंगवणार? पडदे?"

"पडदे."

आणले दोन. गर्दी असली की आपला माणूस उठून दिसतो.

२१ एप्रिल

कचेरीत कापडी फलक छापणारा आला होता. त्याला मी चहा पाजला. तीन पेल्यांत त्यानं सांगून टाकलं: चित्र राफाएलचं आहे. चौथा पेला मीच पाजला नाही, आणखी ऐकायचं काय उरलं होतं? रात्रभर शांत झोप लागली. परीक्षेचा पेपर फुटावा आणि त्यात आपलंच नाव लिहा असा प्रश्न निघावा!

खाङ सगळीकडून पुस्तकं गोळा करतोय. मला म्हणाला, "लाओ मो, राफाएलनं जन्मभर ही दोन पोरंच काढली असं वाटतं का तुला?"

"मग बाकीचा वेळ काय केलं त्यानं? तुझ्यासारखे पत्ते कुटले?"

खाङ हसला, पण मान हलवत हसला. हसरी रंगवून रंगवून त्याला नीट हसता येत नाही.

२६ एप्रिल

छ्यूमे आणि आ-यिंग शहरातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात गेल्या होत्या. दिवस मोडून आल्या. पुस्तक घेतलं नाही, उभ्या उभ्या बघून आल्या म्हणे. जेवताना छ्यूमेनं विचारलं,

"तुझे ते दोघे वर कुणाकडे बघतात?"

"आईकडे. भात आणतेय ती."

दोघी मायलेकी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की आ-यिंगच्या काड्या खाली पडल्या. "आईच आहे," छ्यूमे म्हणाली. मग म्हणाली, "एकदा तूही जाऊन बघून ये. मी सांगते म्हणून."

"दहा हजार वेळा जेवलेल्या माणसानं पाककृतीचं पुस्तक बघायचं?"

तिनं पुन्हा विषय काढला नाही. हल्ली ती पहाटे उठून मागच्या गच्चीवर काहीतरी करत असते. ऑर्डरी वाढल्या असाव्यात. कपड्यांना नेहमीच मागणी.

१७ मे

लिहू की नको असं झालंय, पण ही वही खोटं लिहायला घेतलेली नाही.

चौकात शंभर ईझल. मला नंबर ४१. चारचा उच्चार मरणासारखा, तरी ज्यानं नंबर वाटले त्यानं वाटलेच. छ्यूमेच्या अॅप्रनवर ८७. आठाचा शुभ आकडा, वाया गेला बिचारा. ती शेवटच्या रांगेत वडाखाली बसली. मी तिसऱ्या रांगेत, मधोमध, परीक्षकांच्या नजरेसमोर.

नऊ वाजता पडदा ओढला. मला वाटलं, चुकून दुसरंच चित्र लावलंय. पुरुषभर उंचीपेक्षा मोठं. एक बाई पोर कडेवर घेऊन ढगांवरून चालत येतेय, अनवाणी. डावीकडे सोनेरी झग्यातला म्हातारा, उजवीकडे गुडघ्यावर बसलेली एक बाई. दोन्ही अंगांना हिरवे पडदे, खरेखुरे, दांडीला अडकवलेले. ढगही साधे नाहीत, त्यांत पोरांचे चेहरेच चेहरे. आणि सगळ्यांत खाली, काठाला, पंगतीला उशिरा आलेल्या पोरांसारखे माझे दोघे. केवढेसे!

अठरा वर्षं मी ज्याला चित्र म्हणत होतो तो चित्राचा तळ होता.

पुढच्या रांगेतून खाङ मागे वळून म्हणाला, "लाओ मो, जेवण आलं रे!" आजूबाजूचे दहा-बारा जण हसले. मीही हसलो. न हसून काय करतो?

माझ्या हाताला एकच सुरुवात माहीत आहे: डाव्याची भुवई. तिथून निघालं की उजव्याचं कोपर बरोबर अडीच वितींवर येतं. पेन्सिल नाही, चौकोन नाही, हात जातो. लोक बाईच्या चेहऱ्यासाठी रेघा मारत होते तेव्हा माझा डावा पोरगा बोलायला लागला होता. मागे बघ्यांची गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, हात बघा हात! दीड तासानं मान वर केली. कॅनव्हास साठ बाय ऐंशी. निम्मा दोघांनी खाल्ला होता, या काठापासून त्या काठापर्यंत.

पुसायला वेळ होता. अडीच तास होते. पुसून लहान काढता आले असते. पण खरं लिहितो: मला लहान काढता येत नाहीत. कडेला एकदा करून पाहिलं. डोळ्यांच्या जागी दोन मुंग्या बसल्यासारखे झाले. मी ते खरवडून टाकलं.

मग ठरवलं, जेवढं मावतं तेवढं. दोघांच्या वर ढग, ढगांवर दोन पावलं, पावलांवर निळ्या झग्याचा काठ. तिथे कॅनव्हास संपला. डावीकडच्या म्हाताऱ्याचा नुसता झगा आला, उजवीकडच्या बाईचा गुडघा.

चष्मेवाला परीक्षक थांबला. "बाईचा चेहरा?"

"वर आहे, साहेब. हे दोघे बघतायत ना."

त्यानं कागद पुढे केला. पूर्ण की अपूर्ण, एकावर खूण करायची. मी 'पूर्ण'वर केली. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा केली, जरा दाबून.

घरी येईपर्यंत मीच बोलत होतो. छ्यूमेच्या हाताला कोपरापर्यंत हिरवा रंग होता.

२० मे

दोन 'जेवणाची वाट' केल्या. हात बिघडलेला नाही. फक्त कॅनव्हासच्या वरच्या काठाशी आलो की कुणीतरी पाऊल ठेवेल असं वाटतं.

आ-यिंग परीक्षेपर्यंत शाळेच्या वसतिगृहात राहायला गेली. जाताना विचारलं, "कसं गेलं, बाबा?" मी म्हटलं, "माझ्यासारखं चित्र दुसऱ्या कुणाचं नाही." यात खोटं काही नाही.

३१ मे

यादी लागली. नुसते नंबर: ७, १२, १९, २६, ३३, ५२, ६०, ७१, ८७, ९५. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. एक्केचाळीस नाही.

घरी येऊन दारातूनच ओरडलो, "परीक्षक आंधळे, आणि निवडलेले दहाच्या दहा नालायक! एकालाही ब्रश धरायचं कळत नाही!"

छ्यूमे चुलीपाशी होती. मासा वाफवला होता, अख्खा, आल्याकांद्याचा. मी म्हटलं, "हरलेल्याला मासा? कसला सण आहे?" तिनं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि न जेवता गच्चीवर गेली. मला वाटलं, आ-यिंगच्या काळजीनं. बायका काळजी करतात, पुरुषांनी काहीतरी करायला हवं. मासा चांगला झाला होता.

४ जून

तक्रार लिहिली. चार पानं. मुद्दे पक्के आहेत. नोटिशीत 'नक्कल' म्हटलंय, 'अख्ख्याची नक्कल' म्हटलेलं नाही. लहानाचं मोठं करून काढणं ही जास्तीची मेहनत आहे. चित्रातले सगळ्यांत प्रसिद्ध दोघे कोण, हे कुठल्याही जर्मन माणसाला विचारा. आणि शेवटची मागणी: यादी रद्द करून स्पर्धा पुन्हा घ्या.

हरलेल्यांपैकी नऊ जणांच्या सह्या मिळवल्या. खाङची नववी. तो सही करताना माझ्याकडे विचित्र बघत होता. म्हणाला, "तुझी तयारी आहे ना? नक्की?"

"मी सिमेंटची पोती वाहिली आहेत," मी म्हटलं.

रात्री जेवताना छ्यूमेनं विचारलं, "तक्रार घेतली तर पहिल्या यादीचं काय होतं?"

"थांबते. चौकशी संपेपर्यंत कुणालाच काही नाही."

"कुणालाच?"

"एकालाही नाही. माझ्या मुलीला मिळत नाही तर कुणाच्या मुलीला मिळू नये."

तिनं वाडगा खाली ठेवला. "तू खरंच असा आहेस का?" एवढंच म्हणाली. ती आ-यिंगच्या खोलीत झोपली. माझ्या घोरण्याचा त्रास होत असणार.

७ जून

कचेरीत ल्याओबाई कारकून आहेत. वयानं लहान, पण कागदाला पक्क्या. त्यांनी चारही पानं वाचली, शब्दन् शब्द.

"मो मास्तर, यावर शिक्का मारला की दहाही नावं अडकतात. तीन-चार महिने. तोवर शाळांचे प्रवेश संपलेले असतील."

"अडकू देत."

"घरी विचारलंत?"

"घरी काय विचारायचं? घरचा माणूस मी."

त्यांनी शिक्का शाईला लावला, उचलला, आणि तसाच हवेत धरला. "मास्तर, सत्त्याऐंशी नंबर कुणाचा आहे?"

"मला काय माहीत? असेल कुणी वशिल्याचा."

रांगेत मागचा माणूस म्हणाला, "ओ, आटपा की."

"वेई छ्यूमे," ल्याओबाई म्हणाल्या. "पत्ता तुमचाच आहे."

गल्लीच्या टोकाला कुणी भाव पुटपुटला तर मला इथे ऐकू येतो. लोक म्हणतात, लाओ मोचे कान उंदराचे. आणि हा आकडा मी माझ्या हातानं या वहीत लिहिला होता. दोनदा.

मी कागद त्यांच्या हाताखालून ओढला. शिक्क्याचा एक लाल थेंब पहिल्या पानावर पडला.

"काय झालं?"

"शुद्धलेखन तपासायचंय."

मग नऊ जणांच्या दारी जाऊन सांगावं लागलं की तक्रार मागे घेतली. आठांनी शिव्या दिल्या. खाङ म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे! मी बायकोला सांगितलं, केवढा तत्त्वाचा माणूस, स्वतःच्या बायकोचा निकाल रद्द करायला निघालाय. तिनं मला सांगितलं, त्याच्या नादी लागू नकोस."

येताना लीचीचा घड घेतला, पानांसकट. छ्यूमे कुणाच्या तरी संताचा झगा करत होती. मी लीची तिच्यासमोर ठेवली.

"सत्त्याऐंशी," मी म्हटलं.

"आज वाचता आलं का?" तिनं ब्रश थांबवला नाही.

"मला सांगायचं नाही का?"

"यादी तूच वाचून आलास. दारातून ओरडलास, दहाच्या दहा नालायक. मी म्हटलं, बरं." मग म्हणाली, "मी मासा केला होता."

मी एक लीची सोलून तिच्यापुढे धरली. हात रंगाचे होते म्हणून तिनं तोंड पुढे केलं. बी माझ्या तळहातावर टाकली.

"शिक्का बसला असता तर?" मी विचारलं.

"तर मुलीऐवजी तुला पाठवलं असतं, वहिनीकडे."

८ जून

काल घाईत लिहायचं राहिलं. विचारलं तिला, चार तासांत अख्खं चित्र झालं कसं? म्हणाली, "त्यात आहे काय? पडदे, झगे, ढग. नऊ हिस्से कापड आहे. अठरा वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला तेच तर करायला दिलंत."

"आणि चेहरे?"

"चेहरेही होते थोडे," ती म्हणाली.

२ जुलै

माझं चित्र कचेरीनं परत दिलं, मागे 'अपात्र' असा शिक्का मारून. मी ते दुकानाच्या दर्शनी भिंतीवर लावलं. खाली पाटी: 'जेवण आलं'. किंमत दुप्पट. खाङ म्हणतो, नाव त्यानं दिलंय, हिस्सा हवा. मी म्हटलं, विकलं गेलं तर पावलं तुझी. एका गिऱ्हाइकानं विचारलं, वरचा भाग कुठे आहे? मी म्हटलं, तुमच्या घरात छत असेलच की. तो हसला आणि 'हसरी' घेऊन गेला.

चित्र उतरवणार नाही. 'पूर्ण'वरची खूण मी मागे घेतलेली नाही.

२८ जुलै

नोंदणीची वही आली. तांबड्या कव्हरची, पातळ. पहिल्या पानावर कुटुंबप्रमुख वेई छ्यूमे, दुसऱ्यावर मुलगी मो यिंग. तिसरं पान कोरं. ल्याओबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमची पाच वर्षं आजपासून मोजायची."

आ-यिंगला तिसऱ्या बसथांब्यावरच्या शाळेत जागा मिळाली. गणवेश लांब आहे, वाढत्या अंगाचा म्हणून. वही तिनं उशाखाली ठेवलीय. मी म्हटलं, चोर काय ती वही नेणार? ती म्हणाली, "बाबा, तुम्ही शिक्का मारायला निघाला होता ना?" हे कुणी सांगितलं हिला? दोघींपैकी एकीला तरी गुपित ठेवता यायला हवं. आणि ते एकीला चांगलंच येतं हे मला आता माहीत आहे.

वहिनीला फोन केला की मुलगी येत नाही. "बरं झालं," ती म्हणाली, "तांदूळ महागलाय."

१४ ऑगस्ट

दहा चित्रं महिनाभर कचेरीच्या दालनात लावली आहेत. मी गेलो नव्हतो. कामं होती. आज छ्यूमे शहरात आ-यिंगचे बूट घ्यायला गेली, तेव्हा गेलो.

सरळच सांगतो, चुका शोधायला गेलो होतो. दाराशी चष्मा पुसला. कापड चांगलं असणार हे माहीतच होतं. हिरव्या पडद्याला हात लावावासा वाटतो, रखवालदार मघापासून माझ्याकडे बघत होता. बाईचं पाऊल ढगावर टेकलंय, ढग दबलाय. ते तसं करायला मला सुचलं नसतं. बाईचा चेहरा जरा खाङच्या हसरीसारखा झालाय. ही चूक मी नोंदवून घेतली.

मग खाली बसलो, फरशीवर, म्हणजे ते दोघे बरोबर डोळ्यांसमोर आले. तिचा प्रत्येक पोरगा माझ्या तळहाताएवढा. डाव्याची भुवई बघितली, बोटं बघितली, उजव्याचं कोपर बघितलं. मग पोस्टकार्ड खिशातून काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून बघितलं. रखवालदारानं विचारलं, "ओळखीचे आहेत का?" मी म्हटलं, हो.

अर्धा तास बसलो होतो. तिचे दोघे माझ्या दोघांपेक्षा चांगले आहेत.